न्हाणीघराचा वास आणि साडेसात हजारांचं औषध

देवगडकडे गुढीपाडव्यानंतरचे दिवस म्हणजे हापूसच्या काढणीचे. आम्ही दोघं उजाडताच बागेत जातो, ते पेट्या भरून दुपारीच परततो. घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्याच असतात. असल्याच एका सकाळी हे घडलं.

आमच्या मागच्या पडवीला लागून एक न्हाणीघर आहे. मुंबईकर आले की ते वापरात, एरवी दार लावलेलं. शिमग्याच्या सुमारास तिथून कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला. जाळीवर डांबराच्या गोळ्या टाकून झाल्या, उपयोग नाही. जेवताना ताटावरही तोच वास यायचा.

त्या सकाळी मोटारसायकलवरून दोघे आले. गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळा डबा. "आजी, सरकारी योजनेतून आलोय, शौचाची टाकी तपासायची आहे." डबा जाळीवर धरला तर तो पीं-पीं वाजायला लागला. पाइपात विषारी गॅस साठलाय, चूल पेटवलीत तर भडका उडेल, असं त्यांनी सांगितलं. पंच्याहत्तरीतली एकटी बाई घाबरणार नाही तर काय? आधी 12,000 मागितले, मग "तुम्ही आईसारख्या" म्हणत 7,500 वर आले. तेही रोखच हवे होते. गड्यांच्या मजुरीसाठी ट्रंकेत ठेवलेले पैसे आईंनी काढून दिले.

पाइप धुवायचा म्हणून त्यांनी आधी दोन बादल्या पाणी ओतलं. मग कॅनमधलं निळं औषध. ते सिमेंटवर पडताच फसफसलं, तशी बोट दाखवून म्हणाले, "बघा आजी, जंतू मरतायत." दोन वर्षांच्या गॅरंटीची पावती दिली आणि गेले. आम्ही आलो तेव्हा वास खरंच गेला होता. मीही म्हटलं, पैसे गेले पण काम झालं.

अक्षय तृतीयेला वास परत हजर. पावतीवरचा नंबर अस्तित्वातच नव्हता, पत्ता तर छापलेलाच नव्हता. शेवटी वाडीतल्या प्लंबरला बोलावलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने जाळी उचलली, मोबाइलचा उजेड आत पाडला आणि मला वाकून बघायला लावलं. "वैनी, ट्रॅप सुको पडलो हा. वास येतलोच."

जाळीखाली वाटीसारखा भाग असतो, त्याला नानी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण 2 इंच पाणी कायम उभं राहतं आणि तेच पाणी टाकीकडून येणारा वास अडवतं. न्हाणीघर वापरलं नाही की उन्हाळ्यात ते आटतं आणि वाट मोकळी होते. प्लंबरनी तांब्याभर पाणी ओतलं. थोड्या वेळात वास नाहीसा. म्हणजे त्या दिवशीही काम केलं होतं ते आमच्याच विहिरीच्या दोन बादल्यांनी!

आणि ते निळं औषध? प्लंबरच्या मते रंग घातलेलं ॲसिड. फसफसत होतं ते आमचं सिमेंट. जाळी काळी पडलीय, लादीच्या फटी खरवडल्यासारख्या झाल्यात. असलं ॲसिड टाकीत गेलं की मैला कुजवणारे उपयोगी जंतूच मरतात. मला सर्वांत जास्त राग याचा येतो की पावतीमागे त्यांनी "दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाका" असं लिहून दिलं होतं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आईंना दम्याचा त्रास आहे. बंद न्हाणीघरात त्यांनी ती टाकली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

आई अजून स्वतःलाच दोष देतात. मी त्यांना सांगते, चूक तुमची नाही, त्यांनी तुमच्या भीतीवर धंदा केला. मग एक दिवस त्यांनाच आठवलं: तो डबा पडवीत, तुळशीजवळसुद्धा वाजला होता.

पोलीस पाटलांना कळवलं तेव्हा समजलं, शेजारच्या वाडीतही दोन घरं अशीच फसलीत, दोन्हीकडे म्हातारी माणसं एकटी होती. म्हणून घरी असणाऱ्या आई-वडिलांना हे आजच वाचून दाखवा. वास आला तर आधी प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि तासभर थांबा. तरीही वास राहिला तर बेसिनचा पाइप जमिनीत शिरतो तिथली फट आणि टाकीचा हवेचा पाइप ओळखीच्या माणसाकडून बघून घ्या. घर बंद करून जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे खोबरेल सोडा, पाणी लवकर आटत नाही. शेजारच्या मुंबईकरांच्या घराची चावी आमच्याकडे असते, आता दर रविवारी आईच तिथे तांब्या घेऊन जातात.