कपॅसिटरच्या ईएसआरचा रकाना रिकामा सोडू नका: एलटीस्पाइस, काही महिन्यांच्या वापरानंतर

एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्या मानाने सोनं आहे, हे आधी सांगून टाकतो. तक्रार एकच. इंडक्टर ठेवला की त्याला आपोआप १ मिलिओहम रेझिस्टन्स तरी मिळतो, कपॅसिटरचा ईएसआर (त्याचा आतला सिरीज रेझिस्टन्स) मात्र सांगितला नाही तर शून्य.

क्षुल्लक वाटतं ना? आकडे बघा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या कंट्रोल पॅनेलांत नेहमी लागणारं काम: लाइट गेली की १२ व्होल्टच्या बॅटरीवरून पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) २४ व्होल्ट, २ अँपिअर. बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) कन्व्हर्टर, स्विचिंग १०० किलोहर्ट्झ, इंडक्टर ४७ मायक्रोहेन्री, आउटपुट कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड. बॅटरी १० व्होल्टवर उतरली की ड्यूटी (सायकलमध्ये स्विच चालू असण्याचा वाटा) ०.५८. ईएसआर शून्य असताना रिपल (आउटपुट व्होल्टेजची चढउतार) जेमतेम २५ मिलिव्होल्ट. ०.१ ओहम टाका: इंडक्टरचा ५.४ अँपिअरचा पीक दर सायकलला डायोडमधून आदळतो आणि अर्ध्या व्होल्टची उडी दिसते. वीस पट! मग बोर्डावर हेच दिसलं की लोक लेआउटला नि प्रोबच्या ग्राउंडला शिव्या घालतात.

डेटाशीटमध्ये १०० किलोहर्ट्झचा इम्पीडन्स दिला असेल तर तोच घाला. टॅन डेल्टावरून (डेटाशीटमधल्या लॉस फॅक्टरवरून) काढलेला आकडा १२० हर्ट्झचा असतो, तो इथे जास्तच येतो. सिरॅमिक लावून सुटका होईल असंही नाही. २५ व्होल्टच्या छोट्या १० मायक्रोफॅरड एक्स५आर सिरॅमिकवर २४ व्होल्ट पडले की निम्म्याहून कितीतरी कमी उरतात.

अ‍ॅव्हरेज मॉडेलबद्दलचं (स्विचच्या जागी त्याची सायकलभराची सरासरी धरणारं मॉडेल) मत मात्र बदललं. आधी ते परीक्षेपुरतं गणित वाटायचं. पण स्विचिंग सर्किटवर एसी अ‍ॅनालिसिस चालतच नाही. स्विच त्या घडीला एकतर चालू नाहीतर बंद, त्यावर लूप गेन (फीडबॅकच्या पूर्ण फेरीतला गेन) कसला काढणार? एलटीस्पाइसच्या २४ आवृत्तीतलं एफआरए (फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स अनालायझर) ते काढतं, पण वेळ खातं. मिडलब्रुक आणि चुक यांच्या १९७६ च्या सरासरीच्या रीतीने दोन बी-सोर्स (सूत्र लिहून देता येणारे सोर्स) पुरतात. इंडक्टरच्या स्विचकडच्या टोकाला (१ वजा ड्यूटी) गुणिले आउटपुट व्होल्टेज, आणि आउटपुटमध्ये (१ वजा ड्यूटी) गुणिले इंडक्टर करंट. बोड प्लॉट (फ्रीक्वेन्सीनुसार गेन आणि फेजचा आलेख) लगेच हातात.

त्यात कळतं की उजव्या बाजूचा झिरो (गेन वर उचलणारा पण फेज मागे ढकलणारा) १२ व्होल्ट, १ अँपिअरला २० किलोहर्ट्झवर असतो आणि १० व्होल्ट, २ अँपिअरला ७ वर येतो. क्रॉसओव्हर (लूप गेन १ होतो ती फ्रीक्वेन्सी) २ किलोहर्ट्झच्या आसपासच ठेवा. आणि इथेही ईएसआर आडवा येतोच. ०.१ ओहम ईएसआरचा झिरो ३.४ किलोहर्ट्झवर आहे. फौंड्रीच्या उष्णतेत कपॅसिटर सुकून ०.३ ओहम झाला की तो १.१ वर, म्हणजे क्रॉसओव्हरच्या अलीकडे सरकतो. मग गेन उतरायचाच थांबतो, उजवा झिरो त्याला आणखी वर उचलतो, आणि कागदावर स्थिर असलेला लूप डोलायला लागतो. म्हणून ईएसआर पॅरामीटर करून स्टेप कमांडने तिप्पट होईपर्यंत चालवा.

दोन ठिकाणी या मॉडेलवर विसंबू नका. १२ व्होल्टला लोड साधारण ०.३ अँपिअरखाली गेला की इंडक्टर करंट शून्याला टेकतो आणि वरची समीकरणं लागू होत नाहीत. दुसरं, पीक करंट मोडचा (इंडक्टर करंट ठराविक शिखराला पोचला की स्विच बंद करणारा) कंट्रोलर असेल तर ०.५ च्या वरच्या ड्यूटीला स्लोप कॉम्पेन्सेशनशिवाय (करंटच्या सिग्नलला जोडलेल्या उताराशिवाय) पल्स एकआड एक लहान-मोठे होतात. सरासरीत ते दिसत नाही. तेवढ्यासाठी स्विचिंग सिम्युलेशनच चालवा. टाइमस्टेप जास्तीत जास्त २० नॅनोसेकंद ठेवा, आणि सेव्ह कमांडने हवे तेवढेच नोड साठवा, नाहीतर निकालांची रॉ फाइल डिस्क भरून टाकते.