आठ महिने, तीन पारायणं: 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'

पहिल्यांदा हे पुस्तक मी अडीच दिवसांत संपवलं आणि 'बरंय' म्हणून कपाटात ठेवून दिलं. मग चौदा वर्षांचा भाचा ते घेऊन गेला. आठवड्याने परत आणून दिलं तेव्हा त्याने विचारलं, "मामा, त्या म्हाताऱ्याने पाऊस का नाही थांबवला?" मला काही सांगता येईना. झक मारत पुन्हा वाचायला बसलो.

प्रसंग साधाच आहे. गेड नावाचा पोरगा ओगियन या जादूगाराचा शिष्य होऊन त्याच्यामागे डोंगर चढतोय. पाऊस सुरू होतो. गावातला कुठलाही फुटकळ मांत्रिक ढग बाजूला सारेल, आणि हा भूकंप शांत केलेला माणूस निमूट एका झाडाखाली आडवा होतो. पोरगा भिजत, धुसफुसत बसतो: वापरायचीच नाही तर ती शक्ती काय कामाची? पहिल्या वाचनात मी गेडच्या बाजूने होतो. दुसऱ्या वेळी ओगियनच्या. भाचा अजून गेडच्याच बाजूने आहे, आणि त्या वयात तेच बरोबर.

उर्सुला ले ग्विन यांची ही कादंबरी १९६८ची. एका प्रकाशकाने जरा मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की जादूगार म्हणजे नेहमी पांढऱ्या दाढीचा म्हातारा. पण दाढी येण्याआधी तो कोण होता, शिकला कुठे? त्यातून रोक बेटावरची जादूची शाळा आली. तिथला एक गुरू खड्याचा हिरा करून दाखवतो, पण तो फक्त भास. खड्याला खरोखर बदलायचं तर त्याचं खरं नाव बदलावं लागतं, आणि तसं केलं की जगाचा तोल थोडासा का होईना, ढळतो. गेडला अर्थातच हे ऐकून धीर निघत नाही.

या पुस्तकाची खरी पकड इथेच आहे. बाहेरून आलेला कुणी खलनायक नाहीच. जॅस्पर नावाचा एक तोऱ्यातला मुलगा टोमणे मारतो, गेड इरेला पेटतो आणि नको ते करून बसतो. त्यातून जी सावली बाहेर पडते, ती पुढे त्याचा पिच्छा पुरवते. दोष सर्वस्वी त्याचा. आपणच घोळ घातलाय आणि आता निस्तरायलाही आपल्यालाच लागणार, हे ज्याने पंधराव्या वर्षी भोगलंय त्याला वेगळं काही समजवावं लागत नाही. ड्रॅगन आहे, पण तो मध्येच, पाचव्या प्रकरणात येऊन जातो. तिथेही तलवार नाही: तो सावलीचं नाव सांगायचं आमिष दाखवतो (खरं नाव कळलं की ती ताब्यात येणार), आणि गेडला स्वतःची सुटका की बेटावरच्या लोकांची, हे ठरवावं लागतं. शेवट सांगत नाही. एवढंच, की तिसऱ्या वेळी माहीत असूनही मी तिथे थांबलो होतो.

तक्रारी आहेत. निवेदन जुन्या गाथेसारखं, संवाद कमी. धावत्या गोष्टींची सवय असलेल्याला सुरुवातीला जड जातं. माझ्या प्रतीत नकाशा दोन पानांवर पसरलाय आणि नेमकी मधली बेटं शिवणीत गडप. ज्या जगाची सुरुवातच लेखिकेने नकाशा काढून केली, त्याची ही कथा. आणि गेड चांगला तांबूस-तपकिरी वर्णाचा असताना कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर तो गोरा छापला जायचा. त्याबद्दल ले ग्विन यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती.

मला सगळ्यात खुपलं ते बायकांचं स्थान. रोकवर एकही मुलगी नाही, आणि बायकांची जादू दुबळी नाहीतर दुष्टच, अशा अर्थाच्या म्हणी गेडच्या गावात चालतात. ही गोष्ट पुढे लेखिकेलाही सलली असणार, कारण याच मालिकेतल्या १९९०च्या 'तेहानू'मध्ये त्यांनी तिकडेच मोर्चा वळवला.

दुसऱ्या भागाची नायिका मात्र मुलगीच आहे. भाचा तो मागतोय. माझी चाळीस पानं राहिलीत, त्यामुळे सध्या घरात नाही असं सांगितलंय.