सेनहायझर एचडी ६००: आलेखातला आणि कानातला

मोजमापे पाहून मी घेतलेला हा दुसरा हेडफोन. पहिला, वेगळ्या कंपनीचा, बंद कपांचा, खोक्यावरचे ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ आणि डिस्टॉर्शनचा (आवाजातील विकृतीचा) नगण्य आकडा वाचून घेतला होता. त्यात गायिकेच्या प्रत्येक ‘स’ला शिटीसारखी धार येत असे. आकडे खोटे नव्हते, अपुरे होते. तो पट्टा किती डेसिबलच्या चढउतारासह गाठला हे कुठेच लिहिलेले नव्हते, आणि थोडेफार हार्मोनिक डिस्टॉर्शन (मूळ स्वराच्या पटीतील स्वरांची भेसळ) तर मूळ स्वराखालीच झाकले जाते.

म्हणून १९९७ पासून बाजारात असलेला एचडी ६०० घेताना मी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे कोणता स्वर किती जोरात वाजतो याचा, आलेख नीट पाहिला. त्यात ३ किलोहर्ट्झच्या आसपास चढ दिसतो आणि नवख्याला तो दोष वाटतो. परंतु आपल्या कानाची नळीच तो भाग वाढवते, समोरच्या स्पीकरचा आवाजही कानाच्या पडद्यापर्यंत तसाच चढून पोहोचतो, त्यामुळे मोजणीसाठीच्या कृत्रिम कानावर सपाट मोजला गेलेला हेडफोन ऐकायला उलट दबलेला लागतो. प्रत्यक्षात ख्यालातील आलाप ऐकताना गायकाने श्वास कुठे घेतला हेही येथे स्पष्ट कळते. १०० हर्ट्झच्या खाली आलेख उतरत जातो, आणि डग्ग्याचा घुमाराही तितकाच सौम्य येतो.

मात्र रात्री आवाज कमी ठेवला की तो घुमारा आणखी विरतो आणि वाढवला की परततो, आलेख तर तोच असतो. हळू आवाजात मानवी कान खालच्या स्वरांना कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे दोन हेडफोनांची तुलना आवाज समान करूनच करावी. एचडी ६०० चा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ३०० ओहम असल्याने तो फोनवर हळू वाजतो, आणि घाईने ऐकणारा त्याला निर्जीव ठरवतो. अ‍ॅम्प्लिफायर जोडूनच त्याची पारख करावी, असे मला मनापासून वाटते.

ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत ऐकणाऱ्यांना मी हा हेडफोन खात्रीने सुचवेन. ओपन-बॅक, म्हणजे मागून उघड्या कपांचा, असल्याने आवाज बाहेर येतो, तेव्हा शेजारी कोणी झोपले असेल तर तो वापरू नये.