भाड्याच्या गाडीतला फास्टॅग: नाक्यावर झकास, हिशेबात कच्चा

सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन महाराष्ट्रात हिंडणाऱ्यांना फास्टॅगची सेवा कशी वाटते, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. नाक्यावर ती उत्तम चालते. पण गाडी परत देऊन डिपॉझिट मागायला गेलं की तिचे दोष दिसू लागतात. टॅग निघालेला असतो गाडीच्या मालकाच्या नावावर, त्याच्या केवायसीवर आणि त्याच्या मोबाइल नंबरवर. पैसे तुमचे जातात, पण ते कापल्याचा मेसेज मालकाला येतो. चुकीचा टोल कापला गेला तर बँक तक्रारही टॅगधारकाचीच ऐकते. त्यामुळे भाड्याच्या गाडीत टोलचा बंदोबस्त गाडी ताब्यात घेतानाच करावा लागतो. रस्त्याला लागल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

भाड्याच्या गाड्यांत टोलची व्यवस्था साधारण दोन तऱ्हेची असते. पहिलीत टॅग मालकाचा, पण रिचार्ज तुम्ही करायचा. दुसरीत रिचार्ज कंपनी करते आणि प्रवास संपल्यावर टोलची रक्कम डिपॉझिटमधून वळती करते. आमच्या मते पहिली पद्धत भाडेकरूसाठी निर्विवाद चांगली, कारण बॅलन्स तुम्हाला स्वतः बघता येतो. दुसरीत कंपनीच्या अनेक गाड्यांचे टॅग एकाच खात्याला जोडलेले असू शकतात. अशा वेळी स्टेटमेंटशिवाय कसलाच पडताळा घेता येत नाही. दुसऱ्या पद्धतीची गाडी घ्यायची असेल तर ‘टोलची वजावट फक्त बँकेच्या स्टेटमेंटनुसार होईल’ हे व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी घ्या. ‘अंदाजे टोल’ किंवा ‘टोल हाताळणी शुल्क’ असले शब्द करारात दिसले तर तिथेच विचारा.

गाडी घेताना सगळ्यात आधी काच बघा. टॅग समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने, मधल्या आरशाच्या मागे पक्का चिकटलेला हवा. तो डॅशबोर्डवर सुटा पडलेला असेल किंवा ग्लोव्ह बॉक्समधून काढून हातात दिला जात असेल, तर गाडी बदलून मागा. हातात धरून दाखवायचे असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करण्याचे आदेश राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. नाक्यावरच्या कर्मचाऱ्याने तक्रार केली की टॅग बंद पडतो आणि पुढच्या नाक्यावर अडकता तुम्ही. टॅग दुमडलेला, फाटलेला किंवा कडा सुटलेला असेल तरी तो वाचला जाण्याची खात्री नाही. आत अँटेनाचा पातळ धातूचा पट्टा असतो, तो तुटला की वरून धड दिसणारा टॅगही मुका होतो. काचेवर जुना आणि नवा असे दोन टॅग असतील तर जुना काढून टाकायला सांगा.

दुसरी तपासणी फोनवर होते. फास्टॅगचे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फास्टॅगची स्थिती बघण्याची सोय आहे. टॅग चालू आहे का, कोणत्या बँकेचा आहे आणि कोणत्या वर्गातला आहे, हे तिथे कळतं. कार, जीप, व्हॅनचा वर्ग ४ असतो, म्हणजे ‘व्हीसी ४’. टॅग मालवाहू वर्गात नोंदला असेल तर प्रत्येक नाक्यावर जादा दर कापला जाईल आणि नंतर ती दुरुस्ती मालकालाच करावी लागेल. स्थिती ‘अॅक्टिव्ह’ नसेल तर किल्ली घेऊ नका.

मग यूपीआय अॅपमध्ये ‘फास्टॅग रिचार्ज’ उघडा, टॅगवर छापलेली बँक निवडा आणि गाडीचा नंबर टाका. टॅगधारकाचं नाव, निदान त्यातली काही अक्षरं, पडद्यावर येतात. बऱ्याच बँकांच्या बाबतीत शिल्लकही दिसते. नाव करारातल्या मालकाशी जुळतं का बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. गाडीचे ओरखडे दाखवणारा व्हिडिओ सगळे काढतात, पण टोलच्या भांडणात उपयोगी पडतो तो हा एक स्क्रीनशॉट.

रिचार्ज किती करायचा? लागेल तेवढाच, वर थोडी भर. टाकलेली रक्कम मालकाच्या खात्यात जमा होते आणि उरलेली तुम्हाला बँकेकडून परत मिळत नाही. रस्ता नक्की असेल तर हिशेब सोपा आहे. समृद्धी महामार्गावर कारचा दर १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे झाला. ७०१ किलोमीटरचा पूर्ण पल्ला त्या दराने साधारण १,४४५ रुपयांना पडतो, जाऊन-येऊन २,९०० च्या आसपास. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ ला कारचा टोल २७० वरून ३२० रुपये झाला. अटल सेतूचा टोल २०२४ मध्ये सेतू खुला झाला तेव्हा एकेरी २५० रुपये ठरला, तर वांद्रे-वरळी सागरी सेतूचा १ एप्रिल २०२४ पासून १०० रुपये. राष्ट्रीय महामार्गांचे दर दर वर्षी १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. म्हणून मार्चअखेर निघणाऱ्यांनी परतीसाठी थोडी जास्त रक्कम धरावी.

आता नेहमी होणारी एक गफलत नीट समजून घेण्यासारखी आहे. कारच्या टॅगला किमान शिल्लक ठेवण्याची अट फेब्रुवारी २०२१ मध्ये काढून टाकली. शिल्लक शून्याखाली गेलेली नसेल तर गाडी नाक्यावरून सोडली जाते आणि कमी पडलेले पैसे बँक टॅगच्या सुरक्षा ठेवीतून घेऊ शकते. समजा, टॅगमध्ये ४० रुपये आहेत. पहिला नाका १२० रुपयांचा असला तरी दांडा उठतो. तुम्हाला वाटतं, सगळं ठीक आहे. दुसऱ्या नाक्यावर मात्र टॅग उणे शिल्लक दाखवतो, दांडा खालीच राहतो आणि मागे रांगेत हॉर्न सुरू होतात. ‘मघाशी तर चालला होता’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. टॅग खराब झालेला नसतो. रिचार्ज करताना आधी ती उणे रक्कम भरून निघते, मग उरलेली वापरायला मिळते, हेही ध्यानात असू द्या.

नाका दिसल्यावर रिचार्ज करू, ही सवय भाड्याच्या गाडीत सोडून द्यावी. शिल्लक संपलेला टॅग ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे बंद टॅगांच्या यादीत जातो. एनपीसीआयने १७ फेब्रुवारी २०२५ पासून नियम केला की टॅग वाचला जाण्याआधी ६० मिनिटांहून जास्त वेळ आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंत ब्लॅकलिस्टमध्ये असेल, तर व्यवहार नाकारला जाईल. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने लगेच खुलासा केला की त्यांच्या नाक्यांवरच्या नव्या प्रणालीत टॅगची स्थिती तत्काळ कळते, त्यामुळे तिथे आयत्या वेळचा रिचार्जही चालतो. पण राज्य महामार्गांवरचे काही नाके तेव्हा जुन्या प्रणालीवर होते आणि तिथली यादी ठरावीक अंतराने ताजी होते. महाराष्ट्रातले बडे रस्ते, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत. तेव्हा निघण्याआधी, निदान नाक्याच्या तासभर आधी रिचार्ज झालेला असावा. समृद्धीवर चढण्याआधी तर हवाच हवा. तिथे टोल बाहेर पडताना, जितकं अंतर कापलं तितकाच कापला जातो. आत शिरताना टॅग वाचला गेल्याची खूण दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रवेशाचीच नोंद नसेल तर बाहेर पडताना हुज्जत अटळ आहे.

टॅग नाहीच चालला तर? राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमात वैध टॅगविना आलेल्या गाडीला रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट टोल ठरला. म्हणजे १०० रुपयांचा टोल रोखीत २०० आणि यूपीआयने १२५. राज्याच्या नाक्यांवर ही सव्वापटीची सवलत गृहीत धरू नका. १ एप्रिल २०२५ पासून महामंडळाच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि टॅग नसला तर दुप्पट.

उलट बाजूचा एक नियम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. टॅग वैध आहे, शिल्लक पुरेशी आहे आणि नाक्यावरचं यंत्रच बिघडलं आहे, अशा वेळी राष्ट्रीय महामार्गावर गाडी विनाटोल सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, अशी तरतूद २०१८ पासून आहे. इथे पुन्हा तो स्क्रीनशॉट कामी येतो. शांतपणे दाखवा, हातातल्या स्कॅनरने टॅग वाचायला सांगा. तरीही दमदाटी झाली तर राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या मदत क्रमांकावर फोन लावा. दंडाची रक्कम भरावी लागलीच, तर पावती घेतल्याशिवाय हलू नका, कारण मालकाकडून ती वसूल करायला दुसरा पुरावा नसतो.

वार्षिक पासचा गैरसमजही दूर करायला हवा. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा जो पास सुरू झाला, तो फक्त खासगी, बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी आहे आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे रीतसर परवान्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी त्यात बसत नाही. ‘आमच्या गाडीला पास आहे, टोल लागणार नाही’ असं कोणी सांगितलं, तर ती पांढऱ्या पाटीची खासगी गाडी आहे असं समजा. अशी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. टोलचे चारशे-पाचशे रुपये वाचवायला एवढी जोखीम पत्करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

रस्त्यांपुरतं बोलायचं तर भाड्याच्या गाडीसाठी द्रुतगती मार्ग सगळ्यात सुटसुटीत. मुख्य नाके दोनच, खालापूर आणि तळेगाव, त्यामुळे स्टेटमेंट डोळ्यांखालून घालायला मिनिटही लागत नाही. पुण्याहून कोल्हापूरमार्गे बेळगाव आणि पुढे चोर्ला घाटाने गोवा, हा रस्ता हिशेबाला जास्त किचकट आहे. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, मग सीमेपलीकडे कोगनोळी आणि हत्तरगी अशी रांग लागते. पहिल्याच नाक्याला शिल्लक उणे गेली तर मनस्ताप पुढच्या नाक्यांवर होतो. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावरून २४ तासांत परत आलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून एकेरीच्या दीडपट पैसे लागतात. ही सवलत फास्टॅगमध्ये आपोआप मिळते, मागावी लागत नाही. स्टेटमेंटमध्ये त्याच दिवशी परतताना पूर्ण रक्कम कापलेली दिसली तर ती नोंद बाजूला काढा.

मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके, म्हणजे दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना मोफत आहेत. कंपनीच्या बिलात त्यांचा टोल दिसला तर तो मान्य करू नका. इलेक्ट्रिक गाडी घेतली असेल तर राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी ठरली आहे. पण टोल यंत्रणेत त्या गाडीची ईव्ही म्हणून नोंद नसेल तर पैसे कापले जातातच. मालकाला हे आधी विचारून घ्या.

प्रवासात रोज रात्री एकदा रिचार्जच्या पडद्यावर शिल्लक बघा आणि दिवसभरात ओलांडलेल्या नाक्यांची नावं व वेळा फोनवर टिपून ठेवा. फास्टॅगने पैसे भरल्यावर नाक्यावर पावती मिळत नाही, तेव्हा ही टिपणंच तुमची पावती. गाडी परत देताना शिलकीचा दुसरा स्क्रीनशॉट काढा आणि उरलेली रक्कम मालकाकडून तिथल्या तिथे यूपीआयने मागा. बरेच मालक देतात, आधी बोलणं झालेलं असेल तर नक्कीच. काही नोंदी उशिरा चढतात, म्हणून कंपनीने दोन-तीन दिवसांनी एखादा टोल दाखवला तर लगेच लबाडीचा संशय घेऊ नका. स्टेटमेंटमध्ये टॅग वाचल्याची वेळ आणि पैसे कापल्याची वेळ वेगवेगळी असू शकते. तुमच्या टिपणाशी जुळवायची ती वाचल्याची वेळ. ती गाडी परत दिल्यानंतरची असेल तर तो टोल पुढच्या भाडेकरूचा. कंपनीला स्टेटमेंटच्या त्या ओळीचा फोटो आणि गाडी परत दिल्याची पावती पाठवा आणि बँकेकडे तक्रार कंपनीनेच नोंदवावी असं लेखी कळवा.