नॅनो चांदीच्या नावावर माझे 6,66,480 रुपये गेले

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी 19 वर्षं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची पावडर भाजून बसवण्याचं, युनिट चालवतोय. दवाखान्यांच्या खाटा, सलाइनचे स्टँड, ग्रिल, रेलिंग. हातात सहा कामगार. हे आधी सांगतो, कारण जो तो मला एकच विचारतो, ‘या धंद्यातला माणूस असून तू कसा फसलास?’ हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

चवथीच्या आधी फोंड्यातल्या एका नर्सिंग होमने 40 खाटांची चौकशी केली. डॉक्टरांची अट एकच होती, कोटिंग जंतूरोधक हवं. मागणी काही वेडगळ नव्हती. तांब्याच्या मिश्रधातूंवर दोन तासांत 99.9 टक्के जिवाणू मरतात, हा दावा करायची परवानगी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्येच दिली आहे. चांदीचे आयन मिसळलेली पावडर तर मोठ्या कंपन्या कारखान्यातच तयार करतात. विज्ञान खरं आहे, म्हणूनच मी फसलो. थापच असती तर जंतूरोधक द्रावण विकायला आलेल्या त्या माणसाला मी शेडच्या दारातूनच परत पाठवला असता.

तो आला तो नीट कपड्यांत, गोड बोलत. ‘नॅनो चांदी’चं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं, द्रावण, पावडर भाजून झाल्यावर वरून फवारायचं, पाच वर्षं जंतू टिकत नाहीत, गोवा आणि सिंधुदुर्ग फक्त तुमचा. सोबत एक मशीन होतं. कापसाची काडी वस्तूवर घासून आत घातली की काही सेकंदांत आकडा दाखवणारं.

आता तो क्षण सांगतो. टेबलावर दाराचं एक स्टीलचं हँडल पडलेलं, कामगारांचे तेलकट हात लागलेलं. काडी फिरवली, आकडा आला 812. त्याने तसंच, न धुता, त्यावर द्रावण फवारलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या पाण्याचे थेंब झाले. सलग पसरलं नाही, आक्रसून वेगवेगळे गोल थेंब उभे राहिले. डिग्रीसिंगच्या, म्हणजे तेल काढायच्या, टाकीतून निघालेला प्रत्येक जॉब, म्हणजे कोटिंगला आलेली वस्तू, आम्ही रोज असाच तपासतो. पाणी फुटलं म्हणजे तेल राहिलं, जॉब परत टाकीत. माझा जुना कामगार शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, ‘शेट, तेल तसंच आहे.’ मी ऐकलं. तेलावर कोटिंग नीट धरत नाही, हे मला माहीत होतं. मी त्या माणसाला विचारलं, ‘डिग्रीसिंग नको?’ तो म्हणाला, ‘नॅनो आहे साहेब, आत शिरतं.’ आणि मी गप्प बसलो! 19 वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्या एका शब्दापुढे गप्प बसला. मग त्याने पांढऱ्या कपड्याने हँडल पुसलं, पुन्हा काडी फिरवली, आकडा आला 14. पुसल्यावर आकडा उतरणारच. ते मशीन जिवाणू मोजतच नाही. हाताचा मळ असो, अन्नाचा कण असो, सजीवांपासून आलेला सगळाच अंश त्यात धरला जातो. साध्या फडक्यानेही तो आकडा खाली आला असता. कुणी हे मशीन घेऊन आलं तर आधी नुसत्या ओल्या फडक्याने पुसून दाखवायला सांगा.

हिशेब असा. प्रदेश राखायला 51,000. परवाना शुल्क 3,50,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,13,000. द्रावण 20 लिटर, 6,800 रुपये लिटरने, करासह 1,60,480. चाचणी अहवाल माझ्या फर्मच्या नावावर करून द्यायला 42,000. एकूण 6,66,480. चार हप्त्यांत, 11 दिवसांत, सगळे मी स्वतः मोबाइलवरून भरले.

अहवाल बोगस नव्हता, हे जास्त लागतं. माझी भाची मायक्रोबायोलॉजी शिकते. दुसऱ्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘मामा, हा नमुना प्लास्टिकचा आहे.’ ‘पांढरी प्लास्टिक पट्टी’ असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मी फक्त 99.99 हा आकडा वाचला होता. चाचणी आयएसओ 22196 ची, म्हणजे पृष्ठभाग किती जंतूरोधक आहे ते मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकाची. तीत जिवाणूंचा थेंब फिल्मखाली झाकून 35 अंशांवर 24 तास ओला ठेवतात. दाराचं हँडल कोरडं असतं. शिवाय हे मानक मोजायचं कसं एवढंच सांगतं, पास-नापास ठरवत नाही. अहवालात आपलाच धातू, आपलंच कोटिंग आणि शेजारी बिनकोटिंगचा नमुना नसेल तर तो कागद रद्दी समजा. एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह असलेल्या अहवालावर यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र, क्रमांक असतो. तो घेऊन प्रयोगशाळेलाच विचारा, विकणाऱ्याला नको. भाचीने आणखी एक दाखवलं. नॅनो चांदीचं द्रावण सहसा पिवळसर असतं, आमचं निव्वळ पाण्यासारखं होतं.

शेवटी 9,440 रुपये भरून मी कोटिंग केलेली आणि न केलेली अशा दोन स्टीलच्या पट्ट्या तपासून घेतल्या. काहीही फरक नाही. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. खाटांची ऑर्डर गेली. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन खरं सांगितलं, निदान तेवढं केलं.

मी हावरट नाही. करोनानंतर प्रत्येक गिऱ्हाईक हेच मागत होतं, शेजारची युनिट पुढे जात होती, पगार थांबवता येत नव्हते. घरी बायकोला दोन महिने सांगितलं नाही, याची लाज मात्र वाटते.

आणि पोलीस! पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. मग साहेब म्हणाले, ‘बिल आहे, माल मिळाला आहे, हा दिवाणी मामला, वकील गाठा.’ अहवाल दाखवला तर म्हणे, जंतूंचं आम्हाला काय कळतं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही तर माणसाला भेटलात, हे आमच्यात बसत नाही, आणि 47 दिवस कुठे होता? ग्राहक तक्रारीला गेलो तर माल धंद्यासाठी घेतलेला. स्वयंरोजगाराला 2019 च्या कायद्यात सूट आहे म्हटलं, तर सहा कामगार आहेत म्हणून तेही नाही. बँकेने फॉर्म घेतला, पोच दिली, पुढे काही नाही. प्रत्येक टेबलावर एकच वाक्य, ‘तुमच्यासारख्या माणसाने असं करावं?’ अहो, मी चोर नाही, चोराने मला लुटलंय! अर्ज लिहायला मीच, झेरॉक्स काढायला मीच, फोंड्याहून पणजीला खेपा मारायलाही मीच. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318, हे मी त्यांना वाचून दाखवलं, तर वरून उलट टोमणा.

एफआयआर घेत नसतील तर भांडत बसू नका. तीच तक्रार लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मला हे तिसऱ्या महिन्यात एका वकिलाने सांगितलं. पैसे गेल्याचं कळलं त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे शरमेने घरात बसू नका.

बिलाकडेही मी बघितलं नव्हतं. पत्ता मुंबईचा, जीएसटी क्रमांक 24 ने सुरू. 24 म्हणजे गुजरात, महाराष्ट्र 27, आपला गोवा 30. क्रमांक पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. दोन मिनिटांचं काम होतं.

तक्रार अधीक्षकांकडे पोहोचल्याची पोच आली आहे. मागच्या आठवड्यात वेर्ण्याच्या एका फॅब्रिकेटरचा फोन आला. त्याच्याकडे कुणी ‘कॉपर नॅनो’ घेऊन आलंय, नाव वेगळं, मशीन तेच. पाच लिटरचे पांढरे कॅन, निळं लेबल, बॅच क्रमांकाची जागा कोरी. माझ्या शेडमध्ये असे तीन कॅन अजून सीलबंद आहेत. ज्याला ताडून बघायचे असतील त्याने येऊन बघावेत.