लॅकर की तांबं? रॉक अल्बमची रेकॉर्ड कापून घेण्याआधी

मिक्स संपलं, कव्हर ठरलं, आणि रेकॉर्ड छापणाऱ्या प्रेसिंग प्लांटच्या फॉर्ममधला एक रकाना अडून बसतो: ज्या मूळ चकतीवरून रेकॉर्ड छापायची ती कशी कापायची, लॅकर कट हवा की डीएमएम, म्हणजे थेट तांब्यावरचा कट? बहुतेक बँड कुणाला तरी विचारून टिक करतात. खरं तर हे दोन गोष्टींवर ठरतं. रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूवर किती मिनिटं आहेत, आणि सिम्बल, ‘स’चे उच्चार, गिटारची धार या वरच्या पट्ट्यात किती जोर आहे.

लॅकर म्हणजे १४ इंची अॅल्युमिनियमची चकती आणि तिच्यावर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर. लेथवर, म्हणजे कापण्याच्या यंत्रावर, चकती फिरते आणि माणकाची किंवा नीलमण्याची सुई तिच्यात खाच कापत आत सरकते. सुईभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडून ती तापवतात. सुई थंड राहिली तर खाचेच्या भिंती खरखरीत होतात आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत सळसळ ऐकू येते. कापताना निघणारा केसासारखा धागा व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्यावा लागतो. तो सुईत गुंतला तर ती बाजू बाद, नवी चकती चढवा. शिवाय हा धागा भसकन पेट घेतो, त्यामुळे तो साठवून ठेवायचा नाही.

मऊपणा हाच लॅकरचा गुण आणि हाच दोष. सुईला फारसा विरोध होत नाही, त्यामुळे किक ड्रमचा दणका ती मोकळेपणाने काढते. पण कापलेली भिंत थोडी सैलावते आणि शेजारच्या खाचेला रेटते. म्हणून जोरदार सुरुवात असलेल्या गाण्याची पुसट चाहूल १.८ सेकंद आधी, म्हणजे बरोबर एक फेरा आधी लागते. चकती जितकी पडून राहील, विशेषतः उन्हाळ्यात, तितकं हे वाढतं. कटिंग एका गावात आणि प्लेटिंग (चकतीवर धातूचा थर चढवणं) दुसऱ्या गावात असेल तर मध्ये किती दिवस जाणार, हे आधी विचारा.

(अशी प्रत्येक चाहूल कटिंगची नसते. लेड झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये गायक रॉबर्ट प्लँटच्या ओळीआधी भुतासारखा आवाज येतो तो टेपवरच झिरपलेला आहे. तो काढता येईना, तेव्हा इंजिनिअर एडी क्रेमर आणि गिटारवादक जिमी पेज यांनी त्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवून तो तसाच ठेवला.)

कापलेल्या लॅकरवर चांदी फवारतात, मग निकेलचा जाड थर चढवून तो सोलून काढतात. हा ‘फादर’, म्हणजे उलटा ठसा. त्यावरून सुलटी ‘मदर’, आणि मदरवरून प्रेसला लागणारे ‘स्टॅम्पर’. सोलताना लॅकर खराब होतं, त्यामुळे संधी सहसा एकच. छोट्या ऑर्डरीत पैसे वाचवायला फादरच स्टॅम्पर म्हणून लावतात. ५०० प्रतींना ते ठीक, पण तो चिरला तर मागे काहीच उरत नाही आणि कटिंगचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

तांब्याची पद्धत टेल्डेक आणि नॉयमन या जर्मन कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली. स्टीलच्या चकतीवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा तांब्याचा थर, आणि त्यात खाच कापणारी हिऱ्याची सुई. ती तापवत नाहीत. धातू सैलावत नाही, म्हणून खाचा जवळजवळ बसवता येतात. बाजूला सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ मिळतो आणि ती आगाऊ चाहूल जवळजवळ नाहीशी होते. शिवाय तांब्याची चकती स्वतःच मदरचं काम करते. चांदी नाही, फादर नाही. फवारणीत राहिलेल्या धुळीचे टिकटिक आवाज येण्याच्या दोन जागा कमी.

मग सगळे तांबंच का घेत नाहीत? धातू कठीण असल्याने सुई हलवणाऱ्या कटिंग हेडला जास्त ताकद लागते, आणि थर पातळ असल्याने फार खोल जाता येत नाही. डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये बास उलट्या फेजमध्ये असला, म्हणजे एकीकडची लहर वर जाताना दुसरीकडची खाली जात असली, की सुई वर-खाली हलते. लॅकर ते काही अंशी सोसतं, तांबं कमी सोसतं. डीएमएमचा आवाज कोरडा, चकचकीत असतो ही तक्रारही जुनी आहे. त्यातला काही दोष त्या काळच्या डिजिटल मास्टरच्या माथी मारायला हवा, पण सगळा नाही. आधीच तिखट असलेला गिटारचा मिक्स तांब्यावर आणखी बोचरा वाटू शकतो.

मिनिटांचं गणित मात्र दोन्हीकडे निर्दय आहे. १२ इंची रेकॉर्डवर ३३⅓च्या गतीला बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं शांत असावं. सर्वांत किंचाळणारं गाणं तिथे ठेवलंत तर ‘स’ फाटतो, मग लॅकर असो की तांबं. १८ मिनिटांपर्यंत मोठा आवाज निर्धास्त मिळतो, २२पर्यंत तडजोड, त्यापुढे लेव्हल खाली येते आणि त्यासोबत रेकॉर्डची मूळ सळसळ वर.

जोराची हाव कुठवर नेते, याचं उदाहरण १९६९चं. ‘लेड झेपेलिन २’चा पहिला कट इंजिनिअर बॉब लुडविगने स्टर्लिंग साउंड या स्टुडिओत इतका दणदणीत केला की स्वस्त प्लेयरवर सुई उडू लागली. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने मग आवाज कमी करून नवा कट काढला. लेबलच्या बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर ‘आरएल’ कोरलेल्या त्या पहिल्या प्रतींसाठी आज संग्राहक भरमसाट पैसे मोजतात. तुमचा ऐकणारा कोणत्या प्लेयरवर ऐकणार, हे विसरू नका.

आमचा कल असा: गिटारप्रधान अल्बम, बाजूला २० मिनिटांच्या आत, तर लॅकर, आणि फादर-मदर-स्टॅम्पर हा पूर्ण टप्पा. बाजू २३-२४ मिनिटांची, मधे लांब शांत भाग, की-बोर्ड आणि अकूस्टिक जास्त, तर तांबं. २६च्या पुढे गेलात तर दोन्ही विसरा आणि दोन रेकॉर्डचा खर्च धरा, किंवा एक गाणं काढा. एक व्यावहारिक बाबही आहे. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बॅनिंगमधला अपोलो मास्टर्सचा लॅकर चकत्यांचा कारखाना जळाला. तेव्हापासून लॅकरचा भार मुख्यतः जपानच्या एमडीसी या कंपनीवर आहे, म्हणून तारीख घट्ट असेल तर लॅकरच्या पुरवठ्याची चौकशी आधी करा. तांब्याचं कटिंग मोजक्याच ठिकाणी होतं, पण चेकियातल्या जीझेड मीडियासारख्या प्लांटमध्ये कटिंग आणि प्रेसिंग एकाच छताखाली होतं.

कुठलाही कट घ्या, फाइल पाठवताना लिमिटर (आवाजाची शिखरं दाबून सगळं मोठं करणारं साधन) काढा. चोवीस बिट, प्रत्येक बाजूची एकच सलग फाइल, गाण्यांच्या वेळांचा कागद सोबत. सुमारे १५० हर्ट्झखालचा बास मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये सारखा, करा. नाहीतर इंजिनिअर तो करेलच, आणि तुमच्या बासवादकाला ते आधी कळलेलं बरं.

१८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डऐवजी ते पैसे टेस्ट प्रेसिंगवर, म्हणजे तपासण्यासाठी आधी छापलेल्या प्रतींवर, घाला. पाच प्रती येतात. एकच नाही, किमान तीन पूर्ण ऐका. एखादा टिक सगळ्या प्रतींत त्याच जागी येत असेल तर दोष धातूत आहे, आणि मदर (किंवा तांबं) स्वच्छ असेल तर नवा स्टॅम्पर काढून भागतं. एकाच प्रतीत असेल तर तो प्रेसचा किंवा धुळीचा. कापड फाटल्यासारखा आवाज, विशेषतः एकाच चॅनेलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक खाचेत नीट भरलं नाही: साचा थंड होता किंवा प्रेसचा वेळ कमी पडला. लेबलखाली फुगवटा आला तर लेबलं नीट वाळवलेली नव्हती. आणि पियानोचा लांब सूर हेलकावे घेत असेल तर मधलं भोक सरकलंय; सुईचा हात प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलताना डोळ्यांना दिसतो.