मोहन बागानच्या वाटेवरची एक फेरी

कोलकात्यातील एक छोटा गट रविवारी सकाळी फुटबॉलप्रेमींसाठी वारसा फेरी काढतो. गेल्या हिवाळ्यात हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात मुक्काम असताना मी ती केली. फेरी तीन तासांची असून माणशी 700 रुपये घेतले जातात. श्यामबाजार ते मैदान हे अंतर मेट्रोने कापायचे आणि तिकीट ज्याचे त्याने काढायचे. विषय एकच, मोहन बागान क्लबची 1889 ते 1911 ही पहिली 22 वर्षे. ज्या क्लबभोवती इतक्या आख्यायिका गुंफल्या गेल्या आहेत, त्याच्या इतिहासातले खरे किती आणि रचलेले किती हे या फेरीत कळावे, एवढीच माझी अपेक्षा होती. ती अर्धी पूर्ण झाली.

उत्तर कोलकात्यातला पहिला टप्पा उत्तम होता. कीर्ती मित्र यांच्या ज्या ‘मोहन बागान व्हिला’वरून क्लबला नाव मिळाले, तो फडियापुकुरच्या भागात होता, तेथील गल्लीत उभे करून आमच्या वाटाड्याने 15 ऑगस्ट 1889 च्या सभेची हकीकत सांगितली. भूपेंद्रनाथ बोस अध्यक्ष झाले आणि क्लबचे नाव मोहन बागान स्पोर्टिंग क्लब ठरले. वर्षभराने प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रो यांनी शंका काढली की, येथे ना गळ टाकून मासे धरले जातात ना शिकार होते, मग ‘स्पोर्टिंग’ कशाला? तेव्हापासून ‘ॲथलेटिक’ हे नाव आले, असे क्लबच्या परंपरेत सांगितले जाते, आणि वाटाड्याने ‘सांगितले जाते’ हे शब्द न विसरता उच्चारले. स्थापनेचा दिवस पुढे स्वातंत्र्यदिन ठरला, या योगायोगालाही त्याने योगायोगच म्हटले. माझ्या मनात त्याच्याविषयी आदर निर्माण झाला तो येथेच.

मैदानावर पोहोचल्यावर मात्र त्याची जीभ सैल सुटली. 29 जुलै 1911 चा आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शील्ड स्पर्धेचा अंतिम सामना त्याने रंगवून सांगितला, आणि तो रंगवण्याजोगा आहेच. ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या जॅक्सनने आधी गोल केला, अखेरच्या काही मिनिटांत मोहन बागानचे कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला. ज्यांना गर्दीमुळे मैदान दिसत नव्हते त्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले. पण ‘अकराही खेळाडू अनवाणी, कारण बुटांना पैसे नव्हते’ हे विधान दोन्ही अंगांनी लंगडे आहे. रेव्हरंड सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले होते. बाकी दहा जणांचे अनवाणी पायही केवळ गरिबीची खूण नव्हते, कारण आपल्याकडे तेव्हा तसेच खेळण्याची रीत होती आणि 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू बुटांशिवाय उतरले होते.

त्यानंतर फोर्ट विल्यमकडे बोट दाखवून वृद्ध ब्राह्मणाची गोष्ट आली. विजयानंतर त्याने किल्ल्यावरचा युनियन जॅक दाखवून ‘तो कधी उतरणार?’ असे विचारले, आणि मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा, असे उत्तर मिळाले. पुढची शील्ड थेट 1947 साली आली. भाकीत इतके चपखल बसते की ते 1947 नंतर कोणीतरी शिवून घेतले असावे, असा संशय मला येतो. वाटाड्याने मात्र ते शपथेवर सांगावे तसे सांगितले. राजधानी दिल्लीला गेली ती या पराभवाच्या धसक्याने, हेही त्याने ठासून सांगितले. व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या सरकारचे राजधानी हलवण्याच्या प्रस्तावाचे पत्र 25 ऑगस्ट 1911 चे, म्हणजे सामन्यानंतर महिन्याभरातले असल्यामुळे हा समज पसरणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच सरकारातील गृहसदस्य जेंकिन्स यांचे त्या विषयावरचे टिपण 17 जूनचे, म्हणजे अंतिम सामन्याच्या तब्बल सहा आठवडे आधीचे आहे.

या सगळ्यापेक्षा मला खटकली ती एक गैरहजेरी. ‘गोऱ्या संघाला हरवणारा पहिला भारतीय संघ’ हे वाक्य फेरीत तीनदा आले, पण शोभाबाजार क्लबचे नाव एकदाही आले नाही. 1892 च्या ट्रेड्स कपमध्ये शोभाबाजारने ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले होते आणि 1893 च्या पहिल्या आयएफए शील्डमध्ये तो एकमेव भारतीय संघ होता. मोहन बागानचे यश शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ एवढे नेमके मांडले तरी ते पुरेसे मोठे ठरते. त्याला फुगवताना दुसऱ्याच्या वाट्याचे हिरावून घेण्याची गरज नव्हती. (मुंबईकराने याबाबत फार नाक वर करू नये. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना क्रिकेटमध्ये 109 धावांनी हरवले, ते आपल्याला पाठ असते. त्या संघातील पालवणकर बाळूंना अस्पृश्यतेपायी चहासुद्धा वेगळा दिला जाई, हे सांगताना मात्र आपलीही जीभ अडखळते.)

मी शोभाबाजारचा विषय काढला तेव्हा वाटाडा रागावला नाही. ‘ठाऊक आहे, पण लोकांना ते ऐकायचे नसते,’ असे तो म्हणाला. गंमत म्हणजे शोभाबाजार हा परिसर फेरीच्या पहिल्या थांब्यापासून फार दूर नाही. तेवढी पायपीट वाढवून झेंड्याची गोष्ट निम्म्याने कमी केली, तर मी पुन्हा 700 रुपये देईन. बंगाली न येणाऱ्यांची अडचण होत नाही, हिंदी चालते. पाण्याची बाटली आणि टोपी घरूनच न्यावी, कारण मैदानावरचा शेवटचा एक तास सगळा उन्हातच उभे राहून ऐकावा लागतो.